आईने दिलेला टाक

सेंगकांग,
३ मार्च २०२५

प्रिय स्नेहल,
सप्रेम जय भीम.

फोन न करता पत्र का, म्हणून दचकू नकोस. तुझा फोन भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना कायम स्पीकरवर, आणि आई तुझ्या शेजारी खुर्चीत. मला जे विचारायचंय ते आईच्या कानावर जायला नको. म्हणून मेलवर पाठवतेय. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत वाच.

काल उज्ज्वलशी बोलले. माझा भाऊ लॅपटॉपमध्ये डोकं घालून अर्धवट ऐकतो आणि अर्धवटच सांगतो, हे त्याच्या बायकोला मी काय सांगणार! बोलता बोलता म्हणाला, "आईने स्नेहलला तो जुना टाक दिला म्हणे. जपून ठेव म्हणत होती." आणि लगेच क्रिकेटवर गेला.

बाबांचा टाक! अगं, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, नऊ वर्षं मी त्या टाकाबद्दल विचारतेय. काळा लाकडी दांडा, पुढे पितळी निब. रात्रशाळेचे सगळे फलक त्यांनी त्या टाकाने लिहिले. माझा हात धरून 'अ' गिरवून घेतला तो त्याच टाकाने. त्यांच्या टेबलापाशी मी बसायचे. उज्ज्वल नाही, आई नाही, मी. आईला विचारलं की एकच उत्तर, "कुठं गेला काय माहीत." आणि आता तो निघाला कुणाच्या कपाटात? सुनेच्या!

मला हेवा वाटतोय. स्पष्टच लिहिते, वयाच्या पन्नाशीला लपवायचं कशाला?

गंमत बघ. २२ तारखेला माझं विद्यापीठात जाहीर व्याख्यान आहे. विषय तुला मागे सांगितला होता, प्राचीन इस्राएली लोकांच्या उपासनेत शेजाऱ्यांकडून काय काय आलं. देवाचं 'एल' हे नाव कनानी शेजाऱ्यांच्याही देवाचं. मंदिर बांधायला कारागीर आणले सोर शहरातून, फिनिकी लोकांचे. महिन्यांची नावं बाबेलची. इतकं सगळं शेजारून आलेलं, आणि देव मात्र बजावतो की मी हेवा करणारा आहे, दुसऱ्या कुणाकडे बघायचं नाही. वीस वर्षं हे मी वर्गात हसत हसत शिकवत आले. काल फोन ठेवला आणि पहिल्यांदा त्या देवाची बाजू पटली.

१६ ला आई माझ्याकडे येणार, परतीच्या विमानापर्यंत दोन आठवडे. येताना तिच्या बॅगेत टाक ठेवून दे. मी तुला काही बोलणार नाही.

तुझी,
प्रेमलाताई


चांगी बिझनेस पार्क,
५ मार्च

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र जेवताना वाचलं. डबा तसाच राहिला.

बाबांचा टाक माझ्याकडे नाही. शपथ घ्यायला सांगाल तर घेईन. आईंनी मला एक वस्तू ठेवायला दिली हे खरं. ती काय, ते विचारू नका. मी त्यांना शब्द दिलाय की कुणाला सांगणार नाही, आणि 'कुणाला'मध्ये सगळ्यात आधी तुमचं नाव होतं. मी मागितली नव्हती. त्यांनी आपण होऊन दिली.

आता तुम्ही हेव्याचं काढलंतच आहे, तर माझंही ऐका.

रोज सकाळी सहाला उठून आईंच्या गुडघ्याला तेल मी लावते. क्लिनिकला मी नेते. मीठ कमी घातलं की माझं चुकतं, जास्त झालं तर चुकतंच. तरी घरात कुणी आलं की पहिलं काय दाखवतात? तुमचा पदवीचा फोटो. "ही माझी प्रेमला. डॉक्टर आहे. सुया टोचणारी नाही, पुस्तकांची." मग माझ्याकडे बोट, "आन् ही सून. बँकेत जाते." बस्स. चौदा वर्षं नोकरी करून मी बँकेत 'जाते'!

तुम्ही रविवारी येता, केक आणता, आईंबरोबर फोटो काढता आणि चार वाजले की एमआरटी ट्रेनमध्ये गर्दी होईल म्हणून निघता. पुढचे दोन दिवस आम्ही त्या केकचं कौतुक ऐकतो. ताई, मागच्या वेळचा केक मधे कच्चा होता. आईंनी तो मिटक्या मारत खाल्ला.

मग एवढीशी एक वस्तू माझ्या वाट्याला आली, तर तीही तुम्हाला खुपते?

तुमची,
स्नेहल


सेंगकांग,
६ मार्च

स्नेहल,

शब्द दिलाय! कुणाला? माझ्या आईला. कशाबद्दल? माझ्यापासून लपवण्याबद्दल. आणि हे मला तोंडावर सांगतेस. कमाल आहे बाई तुझी.

मी त्या बाईच्या पोटची आहे. तिची प्रत्येक गोष्ट मला माहीत असायला हवी असं मी म्हणत नाही, पण तुला माहीत असावी आणि मला नसावी? तू घरात येऊन चौदा वर्षं झाली. मी तिच्या घरात जन्मले. माझ्या वडिलांची वस्तू आईने सुनेच्या हातात ठेवली, वर लेकीला कळू देऊ नको म्हणाली, आणि तू म्हणतेस "एवढीशी वस्तू".

गुडघ्याला तेल तू लावतेस, मान्य. मला कुणी लावू दिलं? आई देशातून इथे आली की थेट वुडलँड्सला, मुलाकडे. कारण काय, तर लेकीच्या घरी जास्त राहायचं नसतं. हे कुठल्या धम्मात लिहिलंय? शेजारपाजारच्यांकडून उचललेल्या रीती, दुसरं काय!

आता नीट ऐक. १६ ला आईला माझ्याकडे पाठवू नकोस. जिथे टाक, तिथेच आई राहू दे. मला काम आहे असं सांग. व्याख्यानाला यायचं असेल तर या, नाहीतर राहिलं.

आणि केक कच्चा नव्हता. आत ओला ठेवायचाच असतो तो.

प्रेमला


चांगी बिझनेस पार्क,
१७ मार्च

प्रिय ताई,

अकरा दिवस मी उत्तर दिलं नाही. आज ऑफिसचं काम बाजूला ठेवून लिहितेय.

काल सोळा तारीख. आई सकाळी सातपासून तयार होऊन बसल्या होत्या. बॅग दाराशी. तुमच्यासाठी जवसाची चटणी केली होती, तिचा डबा मांडीवर. उज्ज्वलने नऊ वाजता धीर करून सांगितलं की ताईला काम निघालं. आई म्हणाल्या, "बरं." दुपारपर्यंत बॅग तशीच ठेवली. मग स्वतःच उघडली आणि एकेक साडी परत कपाटात लावली. चटणी मला म्हणाल्या तूच खा. मला ते बघवलं नाही. म्हणून आज शब्द मोडतेय. पाप लागायचं तर मला लागू दे.

ताई, तो लिहायचा टाक नव्हेच. देवाचा टाक.

तुम्हाला लेखणीच आठवली, यात तुमचा दोष नाही. उज्ज्वललाही तीच आठवली. आपल्या घरात दुसरा टाक कुणी पाहिलाय कुठे? मलासुद्धा आईंना दोनदा विचारावं लागलं.

झालं असं. आमच्या शेजारच्या लिम आंटींनी दाराबाहेर छोटा लाल देव्हारा ठेवलाय. संत्री, उदबत्त्या. आई कॉरिडॉरमध्ये बसून रोज तो बघायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी तासभर बसतात. जानेवारीत चिनी नववर्षाच्या सफाईत आंटींनी एक चिनीमातीची मूर्ती आईंच्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, माझ्या आईची. त्या दिवशी आई घरात आल्या, बॅगेतून हळदीचा जुना डबा काढला आणि त्यातली पुरचुंडी माझ्या हातावर सोडली. अंगठ्याएवढा पितळी पत्रा, त्यावर एक बाई उठवलेली. नाक-डोळे झिजून सपाट झालेत. "मरीमाय असंल, मले काय माहीत," म्हणाल्या.

छप्पन साली सगळ्यांनी देव नदीत सोडले, त्यातला हा एक राहिलेला. बाबांना आयुष्यभर कळू दिलं नाही. बाबा, ज्यांनी गावोगाव फिरून लोकांचे देव्हारे रिकामे केले! का ठेवलात, असं मी विचारलं. "सांगीन कधी," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माह्या मागं हा तुह्यापाशी राहू दे. प्रेमलाला सांगू नको. ते तिच्या बापाची पोरगी."

बाबांच्या लेखणीचंही विचारलं मी. ती आईंनी शेवटच्या दिवशी त्यांच्या खिशात ठेवून दिली होती. त्यांच्याबरोबरच गेली.

ताई, हात जोडून सांगते, हे तुमच्या अभ्यासाचं साहित्य नाही. आईंना विचारू नका, कुणाला बोलू नका. फक्त त्यांना घेऊन जा.

स्नेहल


सेंगकांग,
१८ मार्च

प्रिय स्नेहल,

मला माफ कर. आज संध्याकाळी आईला न्यायला येते. बॅगेचं वाचून मी ऑफिसचं दार लावून रडले.

माझ्या तोंडून शब्द जाणार नाही, निश्चिंत राहा. पण तुला कल्पना नाही तू मला काय सांगितलंस. जुन्या यहूदातल्या, म्हणजे त्याच इस्राएली लोकांच्या, घराघरांत मातीच्या लहान बायका सापडल्या आहेत. मंदिरात एकच देव, बाहेर संदेष्टे ओरडताहेत की शेजाऱ्यांच्या देवी सोडा, आणि घरात, धान्याच्या मडक्यांशेजारी, ही बाई. त्या कशासाठी होत्या यावर आमच्याकडे नुसती भांडणं चालतात. मी वीस वर्षं फोटो बघून लिहितेय, आणि माझ्या आईच्या हळदीच्या डब्यात! बाबा त्या संदेष्ट्यांसारखे, आणि आई...

असो. एवढंच सांग, ती त्याला हळद लावायची का? ठरावीक दिवशी? एवढंच. बाकी काही विचारत नाही.

तुझी,
प्रेमलाताई


वुडलँड्स,
२४ मार्च

ताई,

हळदीबद्दल मी उत्तर दिलं नाही तेव्हाच तुम्ही समजायला हवं होतं.

शनिवारी तुम्ही आईंना पहिल्या रांगेत बसवलंत. नवी साडी घेऊन दिली होती तुम्ही, कडक इस्त्रीची. चाळीस मिनिटं त्या एका शब्दाचा अर्थ न कळता तुमच्याकडे बघत होत्या. मान अशी ताठ. मला आतून जळत होतं, खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी त्या कधी अशा बसल्या नाहीत.

आणि मग तुम्ही पडद्यावर त्या मातीच्या बाया दाखवल्यात आणि म्हणालात की एक घर मला जवळून माहीत आहे. नाव घेतलं नाहीत. मोठे उपकार! 'मदर' म्हणालात. 'टाक' म्हणालात, चक्क मराठीत, कारण त्याला इंग्रजी शब्द नाही. तेवढे दोन शब्द आईंना कळले. मग तुम्ही म्हणालात की या बाईने आयुष्यभर नवऱ्यापासून लपवून देवीची पूजा केली. कुणी सांगितलं तुम्हाला हे? मी तर नाही लिहिलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि तुमची नजर आईंकडे होती, म्हणून लोकांचीही गेली. आईंनी पदर ओढून घेतला.

परत येताना एमआरटीत मला म्हणाल्या, "ते काय बोलली?" मी खरं तेच सांगितलं. मग म्हणाल्या, "पूजा केली म्हणाली?" मी शब्द मोडला हेही त्यांना कळलं, पण मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्याकडे परत यायचं नाही म्हणाल्या. बॅग उज्ज्वल घेऊन येईल. आणखी एक कबूल करते. त्या रात्री माझ्या मनात आलं, आता तरी "माझी प्रेमला, माझी प्रेमला" ऐकावं लागणार नाही. दुसऱ्या दिवशी आईंचा चेहरा बघून माझीच मला लाज वाटली.

काल माझ्याकडून वही मागून घेतली. जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिताहेत. कुणाला, ते तुम्हाला कळेलच.

स्नेहल


वुडलँड्स
२७ मार्च

चि. प्रेमला हिस आईचा जय भीम.

मले लिवायची सवय नाही. तुह्या बाबानं शिकवलं तेवढंच येते. चुका काढजो, पण आधी वाच.

मी पूजा नाही केली. एक दिवस नाही, एक बोट हळद नाही. लोकाईच्या समोर तू ते खोटं बोलली. तुले माहीत नव्हतं तर विचारायचं होतं. चार दिवस मी तुह्या घरात, तुह्या बाजूला झोपली. तू मले ए.सी. किती ठेवू विचारलं, चहात साखर किती विचारलं. हे नाही विचारलं.

आता सांगते. नऊ वर्षाची होती मी. गावातले सारे कन्हानच्या काठावर गेले होते देव घेऊन. माह्या आईच्या टोपलीत आमचे पाच टाक. लोक ओरडत होते, टाक, टाक. आई एकेक टाकत होती. तिले आनंदच होता, ते रडली-बिडली नाही. एक मी आधीच मुठीत घेतला होता. मले ते बाहुली वाटे. आईनं माही मूठ पाह्यली. मले वाटलं आता मारते. तिनं माह्या हातावर हात ठेवला, मूठ दाबली, आन् रिकामी टोपली पाण्यात धुतली. घरी जाईपर्यंत माही मूठ तिच्या हातात होती.

पुढच्या वर्षी कॉलऱ्यात गेली. तिचा फोटो नाही. लुगडं नाही, ते जाळलं. तिनं दाबलेली मूठ आहे, आन् मुठीत तो टाक. देव म्हणून नाही ठेवला. तुह्या त्या मातीच्या बाया काहून ठेवल्या होत्या ते मले माहीत नाही. तुलेही नाही.

स्नेहल म्हणते तुले तिचा हेवा वाटला. मले हसू आलं. प्रेमला, मी तीस वर्षं तुहा हेवा केला. तू आन् तुहे बाबा टेबलापाशी बसत. दिवा तुमच्यात, पुस्तक तुमच्यात, हसणंही तुमच्यात. मी चहा ठेवायची, तर दोघं माना वर न करता म्हणत, ठेव. मी उंबऱ्यात उभी राहून आयकत जाय. कळे नाही काही. तू कॉलेजात पहिली आली तवा साऱ्या गल्लीले पेढे वाटले मी, आन् मनात म्हणे, हे पोरगी माही नाही, त्याची आहे. आईनं पोरीचा हेवा करू नये. मी केला. म्हून हे एक गोष्ट तुमच्या दोघांपासून राखली. तुमच्याजवळ सारं होतं. हे माहं एकटीचं होतं.

स्नेहलले काहून दिला? तिनं विचारलं, आन् मी सांगीन म्हटलं तवा चूप बसली. टाक तिच्यापाशीच राहील. तुले दिला तर तू त्याच्या खाली चिठ्ठी लावशील.

राग नाही आता. लिवता लिवता उतरला. परवा विमानतळावर ये. विमान साडेसातचं आहे, पाचपर्यंत आम्ही पोचतो. भाषण नको, रडणंही नको. तुले त्या परक्या देशातल्या साऱ्या देवींचे नावं पाठ आहेत, मी आयकलं शनिवारी. घडाघडा घेत होती. माह्या आईचं नाव काय होतं, हे पन्नास वर्षांत तू मले एकदाही विचारलं नाही.

ये आन् विचार. ते मी लिवणार नाही, तोंडानं सांगीन.

तुही आई